प्रवाळावरचा फिका ठिपका

उपग्रहाच्या फोटोत पाणी जितकं फिकं, तितका तळ जवळ. या हिशेबावर मी प्रवाळाच्या खडकांवरची खोली काढतो. माझा मेहुणा होडीतून शिशाचा गोळा बांधलेला दोर सोडून ती पडताळतो, आणि माझी चूक सापडली की त्याला कोण आनंद होतो!

एका ठिपक्यावर आमचं जुळेना. दर नव्या फोटोत तो आणखी फिका दिसे. मेहुण्याचा दोर मात्र दर वेळी नऊ मीटरच सांगे.

"भाऊजी, चष्म्याचा नंबर तपासून घ्या," तो म्हणाला.

आजच्या फोटोत ठिपका पांढराफटक होता. मला राहवेना. भरदुपारी त्याला तिथे पाठवलं आणि फोन कानाला लावून बसलो.

"पाणी काचेसारखं नितळ आहे. तळ स्पष्ट दिसतोय," तो म्हणाला. "दोर सोडतोय... अहो, गोळा टेकला! होडीखाली पुरुषभरावर."

"कशावर टेकला?"

"कशावरच नाही. खाली नुसतं पाणी आहे."

"दोर ताणून धर."

"धरलाय हो. सारखा वर ओढून घेतोय," त्याचा आवाज बारीक झाला, "तरी सैलच पडतोय."