दीड ते अडीच

"तुमचं नेटवर्कच मेलंय, मॅडम. सोमवारपासून बाहेरची कंपनी बघेल," हॉस्पिटलचा कारभार बघणारे कुलथे साहेब म्हणाले. रोज दीडला हॉस्पिटलच्या केसपेपर खिडकीवरचे कॉम्प्युटर बंद पडायचे आणि अडीचला आपोआप सुरू व्हायचे. तासभर पेशंट रांगेत ताटकळायचे आणि कॉम्प्युटर सांभाळणारी म्हणून शिव्या मी खायचे.

मी अडगळीतला जुना कॉम्प्युटर उचलून आणला, त्यावर लिनक्स टाकलं आणि नेटवर्कवर नजर ठेवणारं फुकटचं सॉफ्टवेअर बसवायला घेतलं. पहिल्यांदा डेटाबेस रुसला. दुसऱ्यांदा अर्ध्यावर अडकलं. शुक्रवारी सकाळी सगळं पुसून तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरुवात केली. आज हे बसल्याशिवाय मी खुर्ची सोडणार नव्हते.

बाराला त्या सॉफ्टवेअरचं पान स्क्रीनवर उघडलं. हॉस्पिटलभरच्या नेटवर्कच्या एकोणीस पेट्या, एकोणीस हिरवे ठिपके. बरोबर दीडला एक ठिपका लाल झाला आणि पाठोपाठ खिडकीचेही. पहिला लाल ठिपका साहेबांच्या केबिनमधल्या पेटीचा होता; खिडकीची वायर तिच्यातूनच पुढे जायची.

मी धावले. साहेब रोजच्यासारखे तासभर जेवायला निघाले होते, डबा घेऊन दारात उभे. कपाटामागची पेटी निपचित पडली होती. भिंतीवरची सगळी बटणं बंद, आणि वर साहेबांनीच चिकटवलेला कागद : 'बाहेर जाताना सर्व बटणे बंद करावीत.'

मी एक बटण दाबलं. पेटीचे दिवे लुकलुकले. थोड्याच वेळात खिडकीकडून ओरडा आला, "आलं, आलं!"

साहेब कागदाजवळ आले.

"मग सोमवारच्या कंपनीचं काय करायचं, साहेब?" मी विचारलं आणि पेन पुढे केलं.

त्यांनी डबा खाली ठेवला आणि कागदावरचं 'सर्व' खोडलं.