वर्तुळातली फट

जुन्या प्रिंटरच्या मोटारी जमवून, आराखडा बघत बघत मी घरीच सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कापणारं मशीन बनवलं. कटर लावण्याआधी चाचणीसाठी पेन बसवलं.

मशीनने फळीवर वर्तुळ काढलं, पण एका जागी पेन आपोआप उचललं गेलं. बोटभर फट राहिली. मोटारी बदलल्या तरी फट हटेना.

सुतारकाम केलेले बाबा फळीच्या कडेवर हात टेकवून बघत होते. मी लहान असताना करवतीने त्यांची तर्जनी नेली होती. ती असती, तर बरोबर त्या फटीत आली असती.

"बाबा, हात काढा बरं."

त्यांनी काढला. मी वर्तुळ पुन्हा काढायला लावलं. फट तशीच.

"हात काढला रे," ते म्हणाले, "पण बोट तिथेच आहे."

"काहीतरीच काय!" मी हसत कटर लावला.

कटर उचलला गेला नाही. वर्तुळ पूर्ण झालं, आणि लहानपणी एकदाच ऐकलेली बाबांची किंकाळी मी पुन्हा ऐकली.