मंगळवारचा चिखल

भाजे गावात नव्यानं येऊ लागलेली नर्स स्नेहल दर मंगळवारी रखमाजी आबांच्या ओट्यावर टेकायची.

"आबा, भातखाचरात उंदीर मुततात. त्या मुतातला ताप पायांच्या भेगांतून अंगात शिरतो. चिखलात उतरणाऱ्यानं ही गोळी माझ्यासमोर घ्यायची."

आबा बरबटलेले पाय पुढं करून गोळी गिळायचे. मग ती विचारायची, "जेवलात का?" आठवड्यात त्यांना एवढं विचारणारं ते एकच माणूस.

"लावणी उरकली का हो?"

"न्हाई गं पोरी, लय ऱ्हायलीया."

ती वळणाआड झाली की आबा पाय धुवायचे. त्यांचं खाचर तर गेल्या सालीच रिसॉर्टखाली गेलं होतं. पुढचा मंगळवार उजाडला की ते रिसॉर्टमागं जायचे, खरकट्यावर पोसलेल्या उंदरांच्या डबक्यात पाय बुडवायचे आणि ओट्यावर तिची वाट बघत बसायचे.