वजनांच्या यादीतला जनू

गोदीत बांधल्या जाणाऱ्या बोटींचं वजन काढणाऱ्या सॉफ्टवेअरमधली सुट्या भागांची नावं एका नियमात बसवायचं काम शर्वाणीकडे आलं होतं: आधी विभाग, मग भाग, मग बाजू. प्रत्येक बोटीच्या यादीतली एक नोंद मात्र नियमात बसेना. नाव ‘जनू’, वजन चौसष्ट किलो. तिनं ती चूक समजून पुसून टाकली.

पुढच्याच आठवड्यात नवी बोट क्रेनच्या चार कोपऱ्यांतल्या वजनकाट्यांवर टांगली, तेव्हा हिशेबापेक्षा बरोबर चौसष्ट किलो जास्त भरली.

"चाचा, जनू कोण?" तिनं गोदीचे जुने फोरमन इस्माईलचाचा यांना विचारलं.

"वेल्डर होता. एका बोटीच्या तळाच्या टाकीत गुदमरून गेला. आत कोणी नाही समजून झाकण मीच लावलेलं. तेव्हापासून प्रत्येक बोट तेवढी जड भरते. टाकी उघडून बघतो, तर रिकामी. शेवटी मीच त्याचं नाव यादीत घालायला लावलं."

शर्वाणीनं जुन्या याद्या उघडल्या. त्यांत प्रत्येक वजनाची जागाही लिहिलेली असे. पहिल्या बोटीत जनू टाकीच्या तळाशी होता, नंतरच्या बोटींत शिडीवर, गेल्या वर्षी थेट झाकणाखाली.

आजची जागा तिनं चार काट्यांच्या आकड्यांतल्या फरकावरून काढली.

"डेकवर आहे, चाचा. बाहेर आलाय तो."

"सुटला बिचारा," म्हणत चाचांनी डोळे पुसले आणि ते बोटीकडच्या खिडकीशी गेले.

डेकवर कोणीच नव्हतं. वाराही पडलेला होता. टांगलेली बोट मात्र हळूहळू चाचांच्या बाजूला कलत होती.