सतरा बोल्ट

परत आलेला गिअरबॉक्स शेडच्या मधोमध दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवला होता. सेंदाईच्या गिऱ्हाईकाने तो खोक्यातून बाहेरही काढला नव्हता. वरून पाहूनच त्याला कळलं होतं, की हा आपल्या पिकअपला बसणार नाही.

ओनोदेरा-सानांनी तारेने बांधलेली चिठ्ठी उलटून पाहिली. त्यांच्याच अक्षरात अकरा लिहिलं होतं. वैभवीने टॉर्च घेऊन खालचे बोल्ट मोजले. सतरा होते.

जुन्या अमेरिकन पिकअपचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ओळखायची त्यांची हीच रीत होती. नंबराची पट्टी बहुधा केव्हाच गळून पडलेली असते, पण तळाच्या तेलाच्या भांड्याचे बोल्ट कुठे जात नाहीत. एकाच कंपनीच्या दोन जाती. अकरा बोल्टांचा लहान, सतराचा मोठा. ओनोदेरा-सान सत्तरीचे, गुडघे वाकत नसत. म्हणून वैभवी जमिनीवर आडवी होऊन मोजायची आणि आकडा मोठ्याने सांगायची. ते शेडच्या दुसऱ्या टोकाला टेबलापाशी बसून चिठ्ठी लिहायचे आणि ऐकल्याची पोच म्हणून 'हाय' एवढ्या एका जपानी शब्दात होकार द्यायचे. चार तासांच्या त्या अर्धवेळ कामात बोलणं होई ते एवढंच. टोकियोतल्या हिगाशी-कसाई भागातल्या फ्लॅटमध्ये, नवरा सत्यजित बँकेतून परतेपर्यंत, तेवढंही नसे.

तुम्ही मला काय सांगितलं होतं, असं ओनोदेरा-सानांनी विचारलं.

"जू-शिची." सतरा.

"मी जू-इची ऐकलं." अकरा.

ते रागावले नाहीत. खुर्चीवर बसून त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "वैभवी-सान, या शेडमध्ये सात म्हणजे शिची नाही. नाना म्हणायचं. पुन्हा असं झालं तर हे काम मी बंद करीन. चाळीस वर्षांत माझा माल परत आला नव्हता."

वैभवीने समजलं म्हणून मान हलवली.

तिला ते आधीपासून माहीत होतं. पुस्तकाच्या दुसऱ्याच धड्यात होतं, की सातला दोन शब्द आहेत आणि घोटाळा नको असेल तेव्हा नाना वापरावा. ती तोच वापरायची. फेब्रुवारीत कराडहून फोन आला. वडील गेल्याचा. ती पोचली तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता. टोकियोला परतल्यापासून ती शिची म्हणू लागली. सत्यजितच्या ते लक्षात आलं तेव्हा तो म्हणाला होता, "अगं, सात हा नुसता आकडा आहे." ते खरंच होतं. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालेल्या बाईने एका आकड्याला वळसा घालून जावं, हे तिलाही पटत नव्हतं.

कराडच्या घरात शिरताना ती चपला काढता काढताच हाक मारायची, "नाना?" आणि आतून, कुठल्या तरी खोलीतून, वडिलांचं उत्तर यायचं, "हाय." कॉलेजात असताना तिने त्यांना 'आहे' म्हणायला लावून पाहिलं होतं. ते दोन दिवस म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी विसरले.

"पुन्हा मोजा," ओनोदेरा-सान म्हणाले. त्यांनी जुनी चिठ्ठी फाडली आणि कोरी समोर घेतली. आकडा ऐकल्याशिवाय ते चिठ्ठी लिहीत नसत, मग तो माहीत का असेना.

वैभवीने पुठ्ठा अंथरला आणि ती खाली सरकली. एक बोल्ट दोनदा मोजला जाऊ नये म्हणून पहिल्यावर खडूने खूण केली. मग एकेकावर बोट ठेवत गेली. धातू गार होता. चौदाव्याभोवती तेलाचा चिकटा होता, तो तिने चिंधीने पुसला. पंधरा. सोळा. सतरा. पुढे खडूची खूण.

टेबलापाशी पेन्सिल आकड्यासाठी थांबली असणार.

"जू," ती म्हणाली. मग थांबली. उरलेला शब्द निघाला तो शेवटी थोडा वर चढून, दारातून हाक मारावी तसा.

"नाना?"

"हाय," पलीकडून आवाज आला.

पेन्सिल कागदावर चालल्याचं तिला ऐकू आलं. वैभवी बाहेर सरकली नाही. तिने खडूची खूण अंगठ्याने पुसली, शेजारच्या बोल्टवर नवी केली आणि तिथून पुन्हा मोजायला घेतलं.