नेहमीच्या ओझ्यासह

त्या रविवारी एकही गाडी विकली गेली नाही. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. सकाळी दहा वाजता सेल्समनलाही ते ठाऊक नव्हतं आणि तो बिचारा टाय सारखा करत शोरूमच्या दारात उभा होता.

महिनाभरात त्याच्या हातून गाडीचा आरसासुद्धा खपला नव्हता. "आज सहापर्यंत एक पिकअप काढ," मॅनेजरने बजावलं होतं, "नाहीतर उद्यापासून धुलाई विभागात. टाय राहू दे, काचा पुसायला होईल."

तेवढ्यात एक शिंपी, त्याची बायको आणि म्हातारी आई असे तिघं आत आले. थेट पांढऱ्या आणि करड्या पिकअपपाशी जाऊन थांबले.

"घरच्यासाठी हवी," शिंपी घड्याळाकडे बघत म्हणाला. "आईला चढता आलं पाहिजे, हिला गल्लीत वळवता आली पाहिजे. आणि सगळं सहाच्या आत उरकायचंय."

सहाच्या आत. सेल्समनला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. त्याने चाचणीचा फॉर्म पुढे केला. वर ठळक छापलं होतं: 'नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या ओझ्यासह चालवून पाहा.'

बायकोने ते दोनदा वाचलं. "नेहमीच्या ओझ्यासह. म्हणजे कपाट चालेल?"

"चालेल काय वहिनी, धावेल."

पांढरी शिंप्याच्या दारात लागली. कपाट सेल्समननेच उचललं. गिऱ्हाईक म्हणजे देव, आणि देवाची कंबर धरली होती. रस्ता टेकडीचा निघाला. "इथे आता रोजचं येणंजाणं," बायको म्हणाली. वर एका घराच्या ओट्यावर कपाट उतरवलं.

"उतरवायचं कशाला?" सेल्समनने घाम पुसत विचारलं.

"मग रिकामी कशी चालते ते कधी बघायचं?"

मुद्दा बिनतोड होता. रिकामी पांढरी खड्ड्याखड्ड्यातून बेडकासारखी उड्या मारत उतरली. मागच्या सीटवरून म्हातारी म्हणाली, "माझी कवळी पुढे आली असेल, बघा जरा."

करडी मऊ निघाली. म्हातारीला चक्क डुलकी लागली. पण पलंग आणि फ्रिज चढवल्यावर करडीने मागून बसकण मारली.

"पांढरीला एवढं वजन मिळालंच नव्हतं," शिंपी अस्वस्थ होऊन म्हणाला. "न्याय दोघींना सारखा हवा."

न्यायासाठी पांढरीत जेवणाचं टेबल गेलं, मग करडीत भांड्यांची पोती, मग पुन्हा पांढरीत गाद्या. दर फेरीला नवराबायको भांडत. तो म्हणे पांढरी दणकट, ती म्हणे करडी शहाणी. म्हातारी म्हणे, "लग्नाआधी एवढं बघितलं असतंत तर?" सेल्समनचा एक डोळा रस्त्यावर, एक घड्याळावर. चार वाजले, पाच वाजले. शेवटी चढावर त्याला राहवलं नाही.

"साहेब, खरं सांगतो. आज एक गाडी गेली नाही तर उद्या मी धुलाई विभागात पाइप धरून उभा."

शिंप्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "फार वाईट वाटलं हो," तो म्हणाला. "ते पंख्याचं खोकं जरा तिरकं धरा."

साडेपाचला शेवटची फेरी. म्हातारीची आरामखुर्ची, पडद्यांच्या दांड्या, आणि शिंपी स्क्रू काढत असलेली दारावरची पाटी.

"हिचं कसलं वजन, साहेब?"

"नावाला वजन असतं, भाऊ."

टेकडीवर पोचल्यावर शिंप्याने बॉनेटवरच फॉर्म भरला आणि घडी करून त्याच्या हातात दिला. "मॅनेजरच्याच हातात द्या. निर्णय लिहिलाय. तुमच्याबद्दलही दोन शब्द आहेत."

सेल्समन शीळ घालत परतला. सहाला दोन मिनिटं कमी असताना मॅनेजरने घडी उलगडली.

'दोन्ही गाड्या उत्तम. घर एकही ओरखडा न पडता हलले. नवीन घरास पार्किंग नसल्याने गाडी घेता येत नाही. आपले सेल्समन अत्यंत कष्टाळू आहेत. तरी त्यांची धुलाई विभागातील बदली पुढील रविवारपर्यंत स्थगित ठेवावी, ही नम्र विनंती. शिलाईचे दुकान अजून हलवायचे आहे. कळावे.'