सीटखालचा खटका

"छोटा ट्रॅक्टर, मागे गवत कापायचा जोड, दोन्ही तुमच्या बजेटात. वर नवा रंग," विक्रेता म्हणाला. "साहेब, असा योग पुन्हा येत नाही."

शाळेच्या सेक्रेटरींनी बॉनेटवर हात फिरवला. रंग बोटांना लागला. तो रुमालाला पुसून त्यांनी पसंतीची मान डोलावली.

माळीकाका आधीच सीटवर चढून बसले होते. इतकी वर्षं त्यांनी मैदानाचं गवत हाताने ढकलायच्या यंत्राने कापलं होतं. आता दुखऱ्या कमरेला पट्टा होता. आज मशीन ठरलं नाही तर मैदानाचं काम ठेकेदाराला देऊन टाकू, असं सेक्रेटरींनी येताना गाडीत त्यांना सांगितलं होतं. हसत हसत.

तपासणीच्या कागदावर सही विज्ञानाच्या बाईंची लागणार होती. त्या म्हणाल्या, "काका, सुरू करा. पातीही फिरवा."

जोडाखाली पाती घोंघावू लागली.

"आता खाली उतरा."

काका जपून उतरले. सीट रिकामी झाली. पाती फिरतच राहिली.

"माणूस उठला की हे थांबायला हवं," बाई आवाज चढवून म्हणाल्या. "त्यासाठी सीटखाली खटका असतो."

"नसती कटकट, मॅडम." विक्रेत्याने सीट उचलून दाखवली. खटक्याच्या दोन तारा एकत्र पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली होती. "दगड उचलायला उतरा, बंद. फांदी सरकवायला उतरा, बंद. सगळेच असं करून घेतात. मी तर त्याचे पैसेही लावले नाहीत."

"बघा बाई, फुकटात झालंय," सेक्रेटरी म्हणाले, "आणि तुम्ही नाक मुरडताय."

बाईंनी इंजिन बंद करून चावी मुठीत घेतली. जोड वर उचलायला लावला, खाली लाकडाचा ठोकळा सरकवला आणि वाकून पाहिलं. नवा रंग फक्त बाहेरून होता. आतल्या पत्र्यावर कुजून वाळलेल्या गवताचा काळपट थर होता. त्यांनी तो काडीने खरवडला. एक ढेकूळ सुटून खाली पडलं. त्यातून बुटाची नाडी लोंबत होती. नाडीला चामड्याची फाटकी पट्टी. गाठ अजून घट्ट होती.

बाई सरळ उभ्या राहिल्या.

"आधी कोण चालवायचं हे?"

"एका क्लबचा माणूस. सोडलं त्यानं काम."

"का?"

विक्रेत्याने बुटाच्या टोकाने ढेकूळ ट्रॅक्टरखाली सारलं. "गवतात काय काय सापडतं, मॅडम."

"मी उतरणारच नाही ना, बाई," माळीकाका घाईने म्हणाले. "एकदा बसलो की बसलो. तुम्ही आपलं ठीक आहे म्हणून लिहा."

सेक्रेटरींनी रुमाल नाकाशी धरला होता. ते विक्रेत्याकडे वळले. "हे असलं काही निघाल्यावर मात्र आणखी थोडं कमी करावं लागेल हं."

"करू की साहेब. तुम्ही काय परके आहात?"

बाईंनी मूठ उघडली आणि चावी सेक्रेटरींपुढे धरली.

"साहेब, तुम्ही बसा. पाती सुरू करा, आणि एकदा दगड उचलायला उतरून दाखवा. लगेच सही करते."

सेक्रेटरींचे बूट नवे होते. ते एक पाऊल मागे सरकले.